टॉवेलखालचा लाल दिवा

१० नोव्हेंबर

ही डायरी अॅम्प्लिफायरवाल्या कंपनीनं दिवाळीत दिलती. माझ्या माईक-स्पीकरच्या दुकानात केबलच्या ढिगाखाली पडून होती. आज उघडली, कारण शबाना बाळंतपणासाठी पुसदले माहेरी गेलेली आहे, अब्बासमोर हे बोलता येत नाही, अन् दोस्ताले, स्वानंदले, फोन केला तर तो पहिले धीर देते. मले धीर नको. घरात आमची हिंदी-उर्दूच चालते, पण अब्बाची रोजी मराठीवर चालली अन् माझी शाळाही मराठी. लिहायले बसलं की हात मराठीतच जाते.

आज नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं. अब्बाच्या गळ्यातली गाठ आवाजाच्या डबीतच आहे. डबी काढावी लागते. अठ्ठावीस तारीख दिली. जीव वाचेल म्हणते, आवाज जाईल. गळ्याले समोरून भोक राहील, श्वास तिथूनच. पुढं मशीन लावून बोलता येते म्हणे, पण तो आवाज यांचा नसेल, हे त्यानं स्वतःच सांगतलं. चांगला माणूस आहे, खोटं बोलला नाही. मले त्याचाच राग आला.

जफरभाई अनाउन्सरचा आवाज! सर्कस आली, नळ बंद राहणार, कोणाचं लेकरू हरवलं, कोणाची मय्यत झाली, वणीत पहिले अब्बाची रिक्षा फिरे अन् मग बातमी. भोंग्यातून 'वणीकर मंडळी, जरा कान इकडे!' आलं की भाजीवाल्या बाया भाव करणं थांबवत. अन् गंमत म्हणजे अब्बाले लिहिता-वाचता येत नाही. सही तेवढी येते, तीही मान वाकडी करून. चिठ्ठी अम्मी वाचून दाखवे, अम्मी नसली की मी. एकदा ऐकली की माणूस दिवसभर एक शब्द न चुकता बोले.

डॉक्टरले अब्बानं एकच विचारलं. "साहेब, जानेवारीत नाही जमणार काय?"

"काहून?"

"सुनेचे दिवस डिसेंबरच्या शेवटी भरते. पहिलं नातवंड आहे. जन्मल्याबरोबर त्याच्या कानात अजान मले द्यायची आहे."

डॉक्टर चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, नाही जमणार. येताना बसमध्ये अब्बा खिडकीकडे तोंड करून बसले. मी मोबाईल पाहत बसलो. मोबाईलची बॅटरी वरोऱ्यालाच संपली होती.

१२ नोव्हेंबर

अब्बाले घेऊन मौलानाकडे गेलतो. रेकॉर्ड केलेली अजान चालते काय, असं विचारलं. ते म्हणाले, अजान जित्या तोंडातूनच, अन् बाप हयात आहे तर बापानं द्यावी. म्हणजे मी. घरी येऊन अब्बानं चहा बशीत ओतला अन् म्हणाले, "ठीक आहे. अजान तू दे. पण अजान झाल्यावर नाव सांगतो ना आपण कानात, ते मी सांगीन. तू रेकॉर्ड कर. लेकराले त्याचं नाव माह्या आवाजात पोचलं पाहिजे."

"कोणतं नाव ठेवलं?"

"तुले आत्ताच कायले सांगू? बोलीन तवा ऐकजो."

बाप्पा, डोळे असे चमकले! कितीतरी दिवसांनी पाह्यले मी ते. म्हणलं, अब्बा, असं रेकॉर्डिंग करतो की नागपूरवाले तोंडात बोट घालतील. आता माझा शब्द आहे. अब्बाचा आवाज मी या घरातून जाऊ देणार नाही.

अडचण एकच, अन् ती दारासमोर आहे. आमचं घर खाणीच्या रोडवर, अन् गतिरोधक नेमका आमच्या फाटकापुढं. कोळशाचा ट्रक येते, ब्रेक मारते, गिअर बदलते, हॉर्न देते अन् जाते. तो गेला की दुसरा. दिवस नाही, रात्र नाही. धंदा आवाजाचा अन् घर असं. मले त्या घरघरीची लहानपणापासून चीड आहे.

१३ नोव्हेंबर

स्वानंदले फोन केला. शाळेत एका बाकावर बसायचो, आता तो नागपूरले स्टुडिओत बसते, त्यामुळं त्याले सगळं समजते. मी म्हणलं, माझ्याजवळ जुना गेट आहे, बारीक आवाज अडवणारं मशीन, ते लावून रेकॉर्ड करतो, म्हणजे ट्रक आतच येत नाही.

"अबे, रेकॉर्ड करताना गेट नको लावू. येऊ दे कचरा. नंतर एक्सपांडरनं काढू."

"काहून?"

"गेट म्हणजे खटकन बंद. जे खाली राह्यलं ते गेलं. एक्सपांडर बारीक आवाजाले हळूच आणखी बारीक करते, तोडून टाकत नाही. अन् नाही आवडलं तर मूळ रेकॉर्ड तर राहते हाती."

म्हणलं, तुह्या भिंतीले फोम आहे, माह्या भिंतीले ट्रक. तू ये इथं अन् कर. तो हसला. म्हणाला, कर बाबा तुह्या मनानं, तू ऐकणार थोडीच. अन् अब्बाची तब्येत विचारायले लागला तर मी गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक कोणीच नव्हतं.

१४ नोव्हेंबर

लावलं! अम्मी गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे, तिथं गाद्या उभ्या केल्या, खिडकीले रजई टांगली, मधात खुर्ची अन् माईक. माईकची तार गेटमध्ये, गेटमधून रेकॉर्डरमध्ये. अब्बाले समजावून सांगतलं की हा गेट म्हणजे दारावरचा चौकीदार. तुमचा आवाज ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की दार उघडते, हिरवा दिवा लागते. तुम्ही थांबले की दार बंद, लाल दिवा. मग ट्रक असो की कुत्रं, बाहेरच.

अब्बा म्हणाले, "माह्याच घरात मले गेट? अन् चौकीदार तू?"

ट्रकची घरघर बाहेर राहावी म्हणून पातळी चांगली वर ठेवली. अब्बाच्या आवाजाले काय फरक पडते! अन् अब्बानं डाव्या कानावर हात ठेवला, अगदी रिक्षात ठेवत तसा, अन् म्हणाले, "बाळा, जरा कान इकडे!" गळा खरखरत होता, पण हिरवा दिवा असा पेटला की काय सांगू.

सर्कशीची गोष्ट सांगतली. हत्ती नाल्यात बसला अन् उठेना, ती. मग अम्मीची. म्हणाले, जमिला घरात बसून भोंगा ऐके, अन् आवाजावरून ओळखे की मी जेवलो की नाही. रात्री ऐकून पाह्यलं. मधल्या जागा अशा स्वच्छ, की सुई पडली तरी नाही. ट्रकचा मागमूस नाही. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

१७ नोव्हेंबर

अब्बाचा आवाज उतरून राह्यला. आज ऐकलं तर वाक्याचं शेपूट गायब. 'जमिला हसायले लागली' म्हणलं, तर 'जमिला हसा' इतकंच आलं, पुढचं गेट खाऊन गेला. पातळी खाली केली की ट्रक आत येते. वर केली की शब्द जाते. मी पातळी नाही हलवली, फक्त उघडलेलं दार लगेच आपटू नये म्हणून आवाज पडल्यावरही ते सात-आठ सेकंद उघडं राहील असं बटन फिरवलं. अब्बालेच म्हणलं, जरा जोरात.

अन् बोलता बोलता ते सारखे थांबते. म्हणते, "तू बस ना समोर. मी कोणाशी बोलू? या डबड्याशी?"

मी म्हणलं, मी बसलो की खुर्ची करकरते, मी श्वास घेतला तरी माईक ऐकते. मी बाहेरूनच पाहतो.

"रिक्षात असताना समोर पूर्ण बाजार राहे रे. मोकळ्या भिंतीले काय सांगू?"

हट्टी माणूस आहे. शेवटी बोलले, पण मन लावून नाही. अन् पुन्हा सगळ्या अम्मीच्याच गोष्टी. लेकराले काही सांगायचं सोडून जमिला असं म्हणे, जमिला तसं करे. नंतर ते थोडं कमी करावं लागेल मले.

१९ नोव्हेंबर

शबानाले पहिलं रेकॉर्डिंग पाठवलतं. वाटलं खूश होईल. फोन करून म्हणते, "अब्बाच आहेत, पण अब्बा वाटत नाहीत."

"म्हणजे?"

"दोन शब्दांच्या मधात ते कुठं जाते? एकदम कोणीच नाही. अब्बा बोलायच्या आधी 'हं' करते, बशी खाली ठेवते, श्वास घेते. आपलं घरच नाही यात. तुम्ही कापलं काय?"

मी म्हणलं, त्यालाच क्वालिटी म्हणते. ती म्हणाली, असेल. मग विचारलं, रात्री अब्बाजवळ कोण झोपते? मी म्हणलं, मी बाजूच्या खोलीत आहे ना. तिनं विषय बदलला. पाय सुजले आहेत म्हणाली.

२२ नोव्हेंबर

आज वाईट झालं. लिहू की नको असं झालं.

आवाज म्हणजे आता नुसती वाफ आहे. मी दारातून हातवारे करत होतो, वर, आणखी वर. अब्बानं जोर लावला. खोकला आला तो थांबेचना. रुमाल पाह्यला तर लाल. माझ्या बापाच्या गळ्यात गाठ आहे, अन् मी त्यांले जोरात बोला म्हणून राह्यलो. थू माझ्या जिंदगीवर! पाणी पाजलं, पाठ चोळली. अब्बानंच माझा हात थोपटला अन् कुजबुजले, "जाऊ दे रे. तुहा गेट लय उंच आहे."

मग म्हणाले, "तसंही लेकराच्या कानात कोणी ओरडते काय? नाव हळूच सांगते."

खरं आहे. पुढच्या वेळी पातळी खाली करायची. ट्रक आले तर आले. आता करत नाही, रुमाल धुवायचा आहे. अब्बाले ते लाल-हिरवे दिवे डोळ्यात टोचते म्हणून गेटवर टॉवेल टाकून ठेवला.

२६ नोव्हेंबर

तीन-चार दिवस अब्बाले बोलूच दिलं नाही. आज त्यांनीच खूण केली, खोलीकडे. परवा ऑपरेशन, उद्या सकाळी निघायचं आहे. म्हणजे आजच.

अन् आजच लग्नाचं काम! बसस्टँडमागच्या हॉलमध्ये स्पीकर बंद पडला, नवरीचा बाप फोनवर फोन. मी घाईत अब्बाले खुर्चीवर बसवलं, माईक तोंडाजवळ आणला, रेकॉर्डर चालू केला. अब्बानं माझं मनगट धरलं. काही म्हणायचं होतं. मी म्हणलं, अब्बा, माईकलेच सांगा, मी नंतर निवांत ऐकतो. अर्ध्या तासात आलो. त्यांनी मान हलवली. दार ओढून घेतलं मी.

अर्ध्या तासाचा तास झाला. आलो तर अब्बा खुर्चीतच झोपले होते, मान एका बाजूले, हात माईकच्या दांड्यावर. हळूच रेकॉर्डर बंद केला. स्क्रीनवर पाह्यलं तर सरळ रेघ. बोललेच नाहीत बिचारे, बसल्या बसल्या डोळा लागला असेल. मधात एकाच जागी डोंगरासारखं उभं, तो ट्रकचा हॉर्न. लावला जरासा तर कानठळ्या बसल्या. हरामखोर, एवढ्या गाद्या लावूनही घुसलाच! तो कापायचा होता, पण बॅग भरायची होती, राह्यलं.

अब्बा जागे झाले अन् डोळ्यांनी विचारलं, झालं? आता थकलेल्या माणसाले कुठं सांगू की तुम्ही झोपले होते. म्हणलं, झालं अब्बा, एकदम क्लीन. त्यांनी असा श्वास सोडला, जसं डोक्यावरचं पोतं उतरवलं. माझा हात धरून बराच वेळ बसले.

नावाचं काय, हे मनात आलतं. म्हणलं, नागपूरले रस्त्यात विचारीन.

२९ नोव्हेंबर, नागपूर

ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणते. परवा येताना रस्त्यात नाव विचारायचं राह्यलंच, डॉक्टरचं बोलू नका म्हणून सांगणं, अन् गाडीत दुसरे लोक. काल आत नेताना अब्बानं स्ट्रेचरवरून नर्सले काहीतरी म्हणलं. ती वाकून म्हणाली, काय बाबा? अन् हसली. मी दूर कागदावर सही करत होतो. नंतर तिला विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, काही नाही, 'पोरगी, जेवलीस काय' म्हणाले.

शेवटचे शब्द तिले मिळाले. मी सही करत होतो.

८ डिसेंबर

काल घरी आणलं. गळ्याले समोर भोक, त्यावर पातळ कपडा. खोकला आला की कपडा हालते, तोंड नाही. नळीतून दूध देतो. मले वाटलतं रडतील, चिडतील. तसं काही नाही. फाटकाजवळ बसून ट्रक पाहते.

आज दुपारी मले हातानं बोलावलं. अम्मीच्या खोलीकडे बोट दाखवलं. मग माईक धरल्यासारखी मूठ तोंडासमोर. मग कानाले हात. भुवया वर. म्हणजे, ऐकलंस काय?

मी समजलो नाही. म्हणलं, कोणतं, हत्तीचं? त्यांनी मान हलवली. मूठ पुन्हा तोंडासमोर, अन् दुसऱ्या हातानं बॅग भरल्याची खूण. नागपूरले जायच्या आधीचं.

"बोललते तुम्ही, अब्बा? त्या दिवशी?"

कसे हसले! मान जोरात हलवली. दोन्ही हात लांब केले, लय बोललो म्हणून. मग छातीवर हात ठेवला अन् मग हाताचा पाळणा करून हलवला. मग माझ्याकडे पाहून पुन्हा भुवया वर.

मी म्हणलं, "ऐकलं, अब्बा. सगळं ऐकलं."

त्यांनी तळहात पुढं केला, वचन मागते तसा. मी त्यावर माझा हात ठेवला. कशाचं वचन दिलं ते मले माहीत नाही. ते निवांत झाले अन् डोळे मिटले.

नंतर खोलीत जाऊन टॉवेल उचलला. पातळी तिथंच, जिथं पहिल्या दिवशी ठेवली होती. खाली करायची राह्यलीच. माईकसमोर बसलो अन् अब्बा शेवटी बोलत तेवढ्या आवाजात बोल्लो. लाल. थोडं जोरात. लाल. तो माणूस तासभर बोलला, अन् टॉवेलखाली लाल दिवा जळत राह्यला. माझ्यासाठी दार बंद करून मीच गेलतो लग्नाले.

१० डिसेंबर

दोन दिवस हेडफोन लावून बसलो. आवाज पूर्ण वाढवून. काहीच नाही. तो हॉर्न आला की हेडफोन फेकावा लागते, म्हणून तिथून पुढं पळवतो. बाकी शून्य. शबाना म्हणालती तेच, कोणीच नाही.

स्वानंदले फाइल पाठवली. त्याचा फोन आला. म्हणलं, तुह्याजवळ मोठी मशीन आहे, काढ यातून काही.

"जीशान, जे आत आलंच नाही ते कुठून काढू?"

"तू सांगतलं होतं."

"जाऊ दे ना यार."

"नाही, शिव्या दे मले."

त्यानं नाही दिल्या. म्हणाला, फाइल राहू दे माह्याजवळ, सवडीनं एकदा पूर्ण ऐकतो. मी भर दुकानात रडलो. समोरून एक जण माईक भाड्यानं मागायले आला अन् तसाच परत गेला.

अब्बाले सांगायची हिंमत नाही. रोज ते माझ्याकडे पाहून गालात हसते, जसं आमच्या दोघांचं काही गुपित आहे.

२८ डिसेंबर, पुसद

मुलगी झाली. सकाळी नऊच्या सुमारास. शबाना बरी आहे. अब्बाले मी गाडीनं घेऊन आलो, डॉक्टर नको म्हणत होता, पण अब्बा चप्पल घालून फाटकात उभेच राह्यले.

लेकराले माझ्या हातात दिलं. उजव्या कानात अजान दिली, डाव्यात इकामत, नमाजच्या आधी म्हणते ती. माझा आवाज अब्बासारखा नाही, पातळ आहे, मधात फाटला. अब्बा डाव्या कानावर हात ठेवून ऐकत होते. झालं. मग त्यांनी माझ्या कोपराले हात लावला. आता नाव.

खोलीत शबाना, तिची आई, मी, अब्बा. सगळे माझ्याकडे. अब्बा तर असे, की लेकरू तेच आहे असं वाटे. म्हणलं, "अब्बा, मी खोटं बोल्लो. काही रेकॉर्ड झालं नाही. एक शब्द नाही. मले नाव माहीत नाही."

अब्बा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पाह्यलं. मग खाली पाह्यलं. मग उजवा हात उचलून असा हवेत सोडून दिला, गेलं ते गेलं म्हणते तसा. अन् तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला.

शबाना पडल्या पडल्याच म्हणाली, "जमिला ना, अब्बा?"

अब्बाचा चेहरा! मी आयुष्यात विसरणार नाही. मान हलवत राह्यले, हलवत राह्यले, डोळे वाहते. मी शबानाले म्हणलं, तुले कसं माहीत? तिला नवलच वाटलं. म्हणे, "दुसरं कोणतं राहील? तुम्ही पाठवलेल्या त्या एका रेकॉर्डिंगमध्येच किती वेळा घेतलं त्यांनी ते नाव. तुम्ही ऐकलं नाही काय?"

मी तर ते कमी करणार होतो.

मग अब्बानं हात पुढं केले. लेकराले त्यांच्याजवळ दिलं. ते वाकले अन् तिच्या कानाजवळ तोंड नेलं. ओठ हालले. मी स्पष्ट पाह्यलं, जमिला. आवाज नाही. कानाले वाफसुद्धा लागली नसेल, कारण त्यांचा श्वास आता तोंडातून येतच नाही. तो गळ्यातून आला, पातळ कपडा हालला, अन् लेकराच्या गालाले ते ऊन ऊन लागलं असेल. तिनं मान तिकडे वळवली.

शबानाची आई पदर तोंडाले लावून बाहेर गेली.

४ जानेवारी, वणी

शबाना अन् लेकरू चाळीस दिवस पुसदलेच. घरात आम्ही दोघं. पुढच्या हप्त्यात अब्बाचे शेक, रेडिएशनचे, सुरू होणार.

आज स्वानंदचा फोन आला. आधी लेकराचं विचारलं. मग म्हणाला, "तो हॉर्न ऐकलास काय तू?"

"कापायचा राह्यला तो."

"कापू नको! त्याचं शेपूट ऐक. हॉर्ननं गेट उघडला बे. हॉर्न संपल्यावरही सात-आठ सेकंद उघडाच राह्यला. मी थोडा साफ केला, एक्सपांडरनं, अगदी हलका. ट्रक राहू दिला आहे. तो काढला असता तर अब्बा गेले असते."

फाइल आली. दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं अन् हेडफोन लावले. पहिले हॉर्न, मग ट्रक गिअर बदलून हळूहळू दूर जाते. त्या घरघरीत अब्बा आहेत. श्वास घेते. बशी सरकवल्यासारखं काही वाजते. अन् मग एकदम जवळून, कानातच:

"...जीशान, आला काय रे? ये ना आत. बस समोर. एकट्यानं नाही जमत..."

अन् खटकन बंद.

किती वेळा ऐकलं मोजलं नाही. मी तेव्हा बसस्टँडमागं दुसऱ्याच्या लग्नात 'हॅलो, हॅलो, चेक' करत होतो. बाहेर ट्रक थांबला असेल, अन् अब्बाले वाटलं असेल मी आलो.

घरी आलो. अब्बा फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते, रोजच्यासारखे. आतून दुसरी खुर्ची आणली, तीच करकरणारी, अन् त्यांच्या समोर बसलो. त्यांनी हातानं विचारलं, काय?

म्हणलं, "काही नाही, अब्बा. बसलो असाच."

त्यांनी खुर्ची थोडी माझ्याकडे सरकवली. ट्रक जात होते. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो.